गाडगेबाबांची श्रीमंती

वऱ्हाड हा काळ्या कसदार जमिनीचा मुलूख. इ. स. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला मोठा भाव आला. आगगाडी आली, बाजारपेठा वाढल्या, दुकाने मालाने भरून गेली. दुरून पाहणारास हा प्रांत फार सुखी वाटला असता. परंतु अनेक शेतकऱ्यांच्या घरी कर्ज वाढत होते आणि जमिनी सावकारांकडे जात होत्या.

या वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेंडगाव नावाचे खेडे आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात देबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. वडील मद्याच्या आहारी गेले आणि अकाली वारले. आई सखुबाई लहानग्या देबूला घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुरे येथे माहेरी आली. देबूने मामांची गुरे राखली, नांगर धरला. शाळा मात्र त्यास लाभली नाही. पुढे मामांची शेतीही सावकाराच्या पाशात सापडली.

लोक ऋण काढून सण साजरे करतात, बारशाला व लग्नाला मद्यमांसाच्या पंगती घालतात, हे देबूजींनी पाहिले. म्हणून आपल्या मुलीच्या बारशाला त्यांनी रूढी मोडून गोड जेवण दिले. भाऊबंदांचा रोष त्यांनी शांतपणे सोसला. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी लोकसेवेसाठी घर सोडले.

अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि जवळ एक मातीचे गाडगे, असा त्यांचा वेष होता. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. दिवसा ते गाव झाडीत व रात्री कीर्तन करीत. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, देवापुढे पशू मारू नका, असे ते परोपरीने सांगत. लुगडे साधे असले, घरात भांडी नसली तरी चालेल. पण मुलास शाळेत घातल्यावाचून राहू नये, असा त्यांचा आग्रह असे.

लोकांनी त्यांस लाखो रुपये दिले. त्यांतून ऋणमोचन येथे घाट, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा आणि मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा उभा राहिला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वाधीन केली. स्वतःसाठी मात्र त्यांनी झोपडीही बांधली नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचे देहावसान झाले.

मुलांनो, दारूच्या दुकानात गेलेला पैसा बाजाराच्या हिशेबात भरच घालतो. पण त्या घरचे मूल उपाशी निजते. ऋण काढून घातलेल्या पंगतीने वाण्याचा गल्ला भरतो. पण यजमानाचे शेत जाते. मग केवळ खपलेल्या मालावरून देशाचे कल्याण कसे मोजता येईल? वस्तू हव्यातच, अन्नवस्त्रावाचून सुख नाही, हे बाबाही जाणत होते. परंतु गाव स्वच्छ आहे काय, मूल शिकते काय, आजाऱ्यास आसरा मिळतो काय, हे ते आधी पाहत. देशाची श्रीमंती पाहताना आपणही हेच प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत.