गच्चीवर ऊन मुरवणारा शास्त्रज्ञ

फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्नर-आंबेगावातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली कधी उभे राहिलात? डोक्यावर अख्खा कारखाना चालू असतो. ना आवाज, ना धूर. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी घेऊन पानं उन्हाच्या जोरावर साखर बनवतात. हेच काम पानांशिवाय, काचेत जमेल, असं शंभरेक वर्षांपूर्वी जाकोमो चामिचान यांना वाटायचं.

त्यांचा जन्म १८५७ चा, त्रिएस्त बंदरातला. घराणं आर्मेनियन वंशाचं. शिक्षण व्हिएन्नात. १८८९ मध्ये ते इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि शेवटपर्यंत तिथेच रमले. त्यांची खरी प्रयोगशाळा म्हणजे चक्क गच्ची! आपली आजी साखरांब्याची बरणी उन्हात ठेवते ना, तशा ते आणि सहकारी पॉल सिल्बर रसायनांच्या बाटल्या उन्हात ठेवायचे. शेपूच्या बियांतही असणारं कार्व्होन त्यांनी वर्षभर उन्हात ठेवलं, तेव्हा कुठे त्यातून वेगळंच संयुग हाती लागलं. वर्षभर! आपल्याला रील उघडायला दोन सेकंद लागले तरी चिडचिड होते.

१९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत त्यांनी मोठंच स्वप्न मांडलं. कोळसा म्हणजे जमिनीत साठलेलं जुनं ऊन, तो कधीतरी संपणार. मग रोजचं ऊन का वापरू नये? योग्य उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ, मिळाला तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवता येईल. मिथेन म्हणजे आपल्या गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच. रखरखीत प्रदेशांत काचेच्या नळ्यांचे, बिनधुराचे कारखाने त्यांना दिसत होते. गंमत म्हणजे तेव्हा हवामान बदलाची फारशी चर्चा नव्हती, काळजी होती ती कोळशाची.

नोबेलसाठी नऊ वेळा नाव गेलं, मिळालं एकदाही नाही. २ जानेवारी १९२२ रोजी ते गेले. पुढे खनिज तेलाचा जमाना आला आणि गच्चीवरच्या बाटल्या मागे पडल्या.

१९७९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या भुकट्या पाण्यात घातल्या, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला, वरून प्रकाश टाकला. मिथेन आणि मिथेनॉल मिळालं, पण अगदी थोडं. ही भुकटी म्हणजे भिंतीच्या रंगाला पांढरेपणा देते तीच. अडचण अशी, की तिला अतिनील किरणं लागतात आणि उन्हात ती थोडीच असतात. उरलेलं ऊन वाया. त्या उन्हालाही कामाला लावणारा स्वस्त, टिकाऊ उत्प्रेरक जगभरच्या प्रयोगशाळा अजून शोधताहेत. तोवर मळ्यातली डिझेलची मोटार आहेच.