दृष्टीचा साधक : चित्रकार क्लोद मोने

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत एका तरी थोर पुरुषाचे चरित्र असावे असा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकावर सोपविले, तेव्हा एखादा संत अथवा समाजसुधारक आम्ही निवडू अशीच वाचकांची अपेक्षा असणार. आम्ही मात्र फ्रान्समधील एक चित्रकार निवडला आहे, आणि त्याचे कारण अगदी घरगुती आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला. पट्टी सुटून घरी आलो, तो दोरीवर वाळत घातलेले आमचे धोतर निळसर दिसले. नीळ जास्त पडली काय, असे आम्ही विचारताच घरची मंडळी हसली. नीळ नेहमीइतकीच होती. डावा डोळा झाकला की धोतर निळसर, उजवा झाकला की पिवळट! मग गेली कित्येक वर्षे आम्ही ज्यास पांढरे म्हणत होतो ते काय होते? या प्रश्नाने आम्हांस क्लोद मोनेच्या चरित्राकडे नेले.

मोनेचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिस येथे झाला; बालपण मात्र ल आव्र या बंदरात गेले. वडील व्यापारी होते. शाळेत त्याचे लक्ष नसे. वह्यांच्या कडांवर तो मास्तरांची व्यंगचित्रे काढी. (असे विद्यार्थी आम्हांसही लाभले, त्यांतील एकाचाही मोने झाला नाही, हा दोष कदाचित आमचाच असेल.) ही व्यंगचित्रे एका चौकटवाल्याच्या दुकानात विकली जाऊ लागली. तेथेच बूदँ नावाच्या वडील चित्रकाराची गाठ पडली, आणि त्याने या मुलास घराबाहेर, उघड्या आकाशाखाली बसून रंगविण्याची दीक्षा दिली. त्या काळी चित्र पुरे करावयाचे ते चित्रशाळेतच. समोर दिसते ते जागच्या जागीच टिपावे, घरी नेऊन सुधारू नये, हा आग्रह मोनेने पुढे जन्मभर बाळगला. १८७४ साली त्याने व त्याच्या मित्रांनी स्वतंत्र प्रदर्शन भरविले. त्यातील बंदरावरील सूर्योदयाच्या त्याच्या चित्राला ‘ठसा’ या अर्थाचे नाव होते. एका टीकाकाराने त्याच शब्दावरून सर्व मंडळींची थट्टा केली आणि थट्टेचे नाव संप्रदायाला कायमचे चिकटले.

दारिद्र्य तर पाचवीलाच पुजले होते. उसनवारी, घरमालकांचे तगादे, गाव सोडून दुसऱ्या गावी जाणे असे दिवस त्याने व त्याची पत्नी कामीय हिने काढले. ५ सप्टेंबर १८७९ रोजी व्हेतेय या गावी, दीर्घ दुखण्यानंतर, बत्तिसाव्या वर्षी कामीय वारली. दोन मुलगे मागे राहिले. धाकटा तर दीड वर्षाचा होता. मृत्युशय्येवरील तिचे चित्र मोनेने काढले. पुष्कळ वर्षांनंतर आपला मित्र क्लेमांसो याच्यापाशी त्याने एक कबुली दिली. तिच्या उशाशी बसला असता आपण तिच्या निश्चल चेहऱ्यावर निळ्या, पिवळ्या, करड्या छटा कशा पालटत आहेत याचा हिशेब करीत आहोत, असे त्याच्या ध्यानात आले होते. घाण्याला जुंपलेले जनावर जसे फिरतच राहते, तसे आपले डोळे आपणास न विचारता काम करीत होते, असा त्या कबुलीचा भाव होता.

हे वाचून प्रथम आम्हांस किळस आली, हे लपवीत नाही. पत्नी गेली आणि हा रंग मोजतो! पण पुढे विचार केला. आमच्या आईच्या शेवटच्या रात्री आम्ही तिच्या श्वासांची गणती करीत बसलो होतो. इतकी वर्षे मुलांस गणित शिकविलेल्या मनाला दुसरे काही सुचलेच नाही. दुःख नव्हते असे नव्हे. मनाला जे वळण लागलेले असते त्याच वाटेने ते दुःखातही धाव घेते. मोने निर्दय होता असे आता आम्हांस वाटत नाही. तो स्वतःच स्वतःला भ्याला होता, आणि ही गोष्ट जिव्हारी लागल्यावाचून कोणी इतक्या वर्षांनी बोलून दाखवीत नाही.

१८८३ साली तो झिव्हेर्नी या खेड्यात राहावयास गेला व पुढे तेथेच स्थायिक झाला. घराजवळच्या शेतात गव्हाच्या गंजी रचलेल्या असत. १८९०-९१ च्या सुमारास त्याने त्या रंगविण्यास घेतल्या. एक चित्र उन्हातले व एक ढगाळ हवेतले, अशी दोन पुरे होतील असा त्याचा अंदाज होता. परंतु काम सुरू होताच उजेड बदले, आणि सावत्र मुलगी ब्लांश हिला दुसरे कापड, मग तिसरे कापड आणावे लागे. उजेड पालटला की हातातील चित्र बाजूला ठेवावयाचे आणि त्या वेळेचे चित्र पुढे घ्यावयाचे! गंज तीच, पण सकाळची गंज आणि सायंकाळची गंज त्याला एक वाटेना. १८९१ च्या मे महिन्यात अशी पंधरा चित्रे पॅरिसमध्ये मांडली, ती थोड्याच दिवसांत विकली गेली. त्यांच्यापैकी एका चित्राला २०१९ साली न्यूयॉर्क येथील लिलावात ११ कोटी डॉलर्सहून अधिक किंमत आली. ज्या शेतकऱ्याची ती गंज, त्याला एवढे पीक सात जन्मांत आले नसते.

आता पाहणाराची बाजू. यांतीलच एक चित्र पुढे मॉस्को येथील प्रदर्शनात गेले. तेथे कांदिन्स्की नावाचा कायद्याचा तरुण पंडित ते पाहावयास आला. ही गंज आहे हे त्याला चित्रावरून कळलेच नाही. सूचीपत्रात वाचले तेव्हा समजले. आपणास ओळखता आले नाही याची त्याला लाज वाटली, चित्रकाराचा रागही आला. तरीपण ते चित्र मनातून जाईना, डोळ्यांपुढे पुनःपुन्हा उभे राही. वस्तू ओळखल्यावाचूनही चित्र मनाला पकडू शकते, हा त्याला झालेला साक्षात्कार होय. १८९६ साली कायद्याची वाट सोडून तो म्यूनिकला चित्रकला शिकावयास गेला आणि पुढे वस्तूच नसलेल्या चित्रांचा एक आद्य प्रवर्तक ठरला. आम्ही वर्गात चित्र दाखवून ‘हे काय आहे?’ एवढेच विचारीत आलो. मुलांनी वस्तूचे नाव सांगितले की चित्र पाहून झाले असे समजत असू.

मोनेने एकदा अशी इच्छा बोलून दाखविली होती की, आपण जन्मांध असावे आणि एकाएकी दृष्टी यावी. म्हणजे समोरची वस्तू झाड की घर हे ठाऊक नसताना केवळ रंगाचे तुकडेच दिसतील. दैवाने ही इच्छा उलट्या रीतीने पुरविली. १९११ साली दुसरी पत्नी आलीस वारली, १९१२ साली दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले, आणि १९१४ साली थोरला मुलगा गेला. तळ्यातील कमळांची भव्य चित्रे याच काळात चालू होती. डोळ्यातील भिंग पिकून पिवळे-तपकिरी झाले म्हणजे निळा प्रकाश आत येण्यास अडतो. पूलाची त्या वर्षांतील काही चित्रे लाल-तपकिरी ज्वाळांसारखी दिसतात. रंगांच्या नळ्यांवरील नावे वाचून आणि ताटलीवर रंगांची जागा ठरवून तो काम रेटी. उजव्या डोळ्याला पुढे उजेड-अंधार यापलीकडे फारसे उमजेना.

क्लेमांसो मूळचा वैद्य, आणि युद्धकाळात फ्रान्सचा पंतप्रधान. त्याने शस्त्रक्रियेसाठी मोनेचा पिच्छा पुरविला. १९२३ च्या जानेवारीत डॉ. कूतला यांनी उजव्या डोळ्यावर ती केली. रोगी महा हट्टी. पट्ट्या ओढून काढावयास पाही! दृष्टी आली, पण जग कधी अतिशय पिवळे तर कधी अतिशय निळे दिसू लागले. त्या काळी काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे बसविण्याची सोय नव्हती. आमच्या डोळ्यात कृत्रिम भिंग आहे, त्याच्या नशिबी जाड चष्मा आला. पुढे रंगीत काचांच्या चष्म्याने थोडा जम बसला, पण डाव्या डोळ्याला त्याने हात लावू दिला नाही. आपला डोळा खोटे बोलतो हे कळल्यावर चित्रकाराने भरवसा कशावर ठेवावा? मोनेने काही चित्रे पुन्हा दुरुस्त केली, काही नष्ट केली. ही खोड मात्र जुनी होती. १९०८ साली डोळे चांगले असतानाही प्रदर्शनाच्या तोंडावर त्याने पंधराएक चित्रे फाडून टाकली होती.

५ डिसेंबर १९२६ रोजी तो झिव्हेर्नी येथे निवर्तला. शवपेटीवर काळे वस्त्र घातलेले क्लेमांसोला खपले नाही. त्याने ते काढून फुलांचे रंगीत कापड घातले, असे सांगतात.

महायुद्ध थांबल्यावर दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ रोजी, राष्ट्रास देऊ केलेली कमळचित्रे तो जिवंत असेतोवर त्याच्या हातून सुटली नाहीत. ती १९२७ च्या मे महिन्यात पॅरिसच्या ओरांझेरी या इमारतीत, दोन लंबवर्तुळाकार दालनांत लागली. वरून छतातून येणारा दिवसाचा उजेडच त्यांवर पडावा अशी तेथील रचना आहे. त्यामुळे ढगाळ दिवशी गेलेल्यास एक तळे दिसते, आणि उन्हात गेलेल्यास दुसरे.