पॉल साबातिये

फ्रान्सच्या दक्षिणेस कारकासोन नावाचे तटबंदीचे प्राचीन नगर आहे. तेथे ५ नोव्हेंबर १८५४ रोजी पॉल साबातिये यांचा जन्म झाला. पॅरिसमध्ये उच्च शिक्षण घेतल्यावर १८८४ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते तुलूझच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१८९६ साली मुआसाँ या विख्यात रसायनशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्यासह निकेल धातूच्या भुकटीवरून ॲसिटिलीन वायू सोडला. भुकटी लालभडक तापली आणि तिच्यावर काजळी साचली. हे वाचून साबातिये यांचे कुतूहल जागे झाले. परंतु दुसऱ्याने नांगरलेल्या शेतात विचारल्यावाचून पेरणी करणे त्यांना रुचेना. मुआसाँ हे काम पुढे चालवणार नाहीत, अशी खात्री करून घेतल्यावरच त्यांनी प्रयोगास हात घातला.

१८९७ साली साबातिये व त्यांचे सहकारी सेंडरन्स यांनी तापलेल्या निकेलवरून एथिलीन वायू सोडला. याही वेळी काजळी साचली. मात्र साबातिये काजळी पाहून थांबले नाहीत. नळीतून बाहेर पडलेला वायू त्यांनी तपासला. त्यात हायड्रोजन अधिक असलेला ईथेन वायू होता! काही एथिलीन फुटून त्याचा कर्ब काजळीरूपाने मागे राहिला होता आणि सुटलेला हायड्रोजन उरलेल्या एथिलीनशी जोडला गेला होता. मग हायड्रोजन बाहेरूनच पुरवला तर? तसे करताच थोड्याशा उष्णतेने एथिलीनचे ईथेन झाले.

निकेल स्वतः खर्ची न पडता दोन पदार्थांची जोडणी घडवून आणतो. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. हायड्रोजन क्षणभर निकेलच्या पृष्ठभागाशी बांधला जातो व तेथून दुसऱ्या पदार्थास मिळतो, असे साबातिये यांनी मांडले. मात्र काजळीने पृष्ठभाग झाकला किंवा गंधकाचा अंश मिसळला, तर उत्प्रेरक निकामी होतो. म्हणून ते शुद्धतेविषयी फार दक्ष असत.

१९१२ साली त्यांना ग्रिन्यार यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मुआसाँ यांच्या निधनानंतर पॅरिसहून बोलावणे आले होते. पण त्यांनी तुलूझ सोडले नाही. तेथेच १४ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

पातळ तेलापासून वनस्पती तूप बनवण्याची कृती याच शोधावर उभी राहिली. कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन यांपासून मिथेन व पाणी करण्याची त्यांची रीत २०१० साली आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकातही वापरात आली. अंतराळवीरांच्या उच्छ्वासातून पाणी मिळू लागले!

काजळी अनेकांना दिसते. तिच्यापलीकडे पाहण्याची चिकाटी थोड्यांजवळ असते. साबातिये त्या थोड्यांपैकी एक होते.