रँग्लर परांजपे : मोठे विद्यापीठ आणि छोटे कॉलेज

आपल्या मॉरिशसची अनेक मुले आज उच्च शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात जातात. जाण्यापूर्वी घरोघरी एकच खल चालतो. नामांकित विद्यापीठ बरे की शिक्षक जवळून ओळखतील असे लहान कॉलेज बरे? अशा वेळी आम्हांस रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची आठवण होते. ते १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे पहिले हायकमिशनर होते. गोऱ्यांखेरीज इतरांना त्या देशाचे दार तेव्हा जवळजवळ बंदच होते. तेथे भारताचा प्रतिनिधी म्हणून गेला तो कोकणातला एक शिक्षक.

आपल्यापैकी बऱ्याच घराण्यांचे पूर्वज ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून जहाजावर चढले, त्याच जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुर्डी गावी १६ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. नात्यातले धोंडो केशव कर्वे, पुढे महर्षी म्हणून गाजलेले, यांनी त्यांच्या शिक्षणाची काळजी वाहिली. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले. टिळक, आगरकर आदी तरुणांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली काढलेले हे कॉलेज तेव्हा अगदी नवे होते. पैसा बेताचा, पण शिकविणारे जीव ओतून शिकवीत.

तेथून सरकारी शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. १८९९ साली गणिताच्या परीक्षेत ते सीनियर रँग्लर झाले. हा पहिला क्रमांक एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला होता, तरी तो मिळविणारे ते पहिलेच भारतीय. साऱ्या हिंदुस्थानात आनंदीआनंद झाला. सेंट जॉन्सने त्यांना फेलोही निवडले.

आता मोठ्या पगाराच्या आणि मानाच्या वाटा मोकळ्या होत्या. परांजपे मात्र फर्ग्युसनमध्ये परतले. सोसायटीच्या आजीव सदस्याने अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करावी असा दंडक होता. तो त्यांनी स्वीकारला आणि १९०२ पासून सुमारे दोन दशके प्राचार्यपद सांभाळले.

याची किंमत पडली, हे आम्ही लपवीत नाही. केंब्रिजने ज्याच्याकडून गणितातल्या नव्या शोधांची अपेक्षा करावी, त्याचे दिवस वर्ग, वसतिगृह आणि वर्गणी यांत गेले. गणितातले मोठे संशोधन त्यांच्या हातून झाले नाही. पण फर्ग्युसन नावारूपाला आले आणि तेथून पिढ्यानपिढ्या विद्यार्थी बाहेर पडले. पुढे ते मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले आणि लखनौ व पुणे विद्यापीठांचे कुलगुरूही. ६ मे १९६६ रोजी ते निवर्तले.

वाचकहो, या चरित्रातून मोठे विद्यापीठ वाईट असा अर्थ कोणी काढू नये. केंब्रिज नसते तर रँग्लर परांजपे झाले नसते, आणि फर्ग्युसन नसते तर ते केंब्रिजला पोचलेच नसते. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की मुलाला धाडताना केवळ विद्यापीठाच्या पाटीकडे पाहू नये. त्याला तेथे कोण शिकविणार, आणि शिकून तो कोणाच्या उपयोगी पडणार, हेही घरात बसून विचारावे.