सेनापतीण उमाबाई दाभाडे

आपल्या गावच्या नावात 'दाभाडे' आहे ते ज्या घराण्यावरून, त्याच घराण्यातील ही कर्ती स्त्री. पती सेनापती खंडेराव १७२९ मध्ये वारले. दोनच वर्षांनी, १ एप्रिल १७३१ रोजी, थोरला मुलगा त्र्यंबकराव डभईच्या लढाईत मारला गेला, आणि तोही पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना. घरातलेच भांडण ते! या आईचे सांत्वन करायला छत्रपती शाहू महाराज स्वतः तळेगावी आले आणि त्यांनी बाजीरावांना तिच्या पाया पडायला लावले, असे सांगतात. उमाबाईंनी समेट मान्य केला. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांना मिळाले, पण खरा कारभार त्यांनीच पाहिला. अहमदाबादच्या स्वारीवरही त्या जातीने गेल्या.

१७४९ मध्ये शाहू महाराज वारले आणि दरबारातला त्यांचा आधार गेला. नानासाहेब पेशव्यांनी गुजरातच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा मागितला. १७५० मध्ये त्या आळंदीला त्यांना भेटल्या, विनवणी केली, पण उपयोग झाला नाही. मग त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. १७५१ मध्ये त्यांचे सरदार दमाजी गायकवाड पकडले गेले, दाभाडेही कैदेत पडले. १७५३ मध्ये उमाबाई वारल्या.

दमाजींनी पेशव्यांशी जुळवून घेतले. त्यांचे वंशज १९४९ पर्यंत बडोद्याच्या गादीवर होते. दाभाड्यांच्या वंशजांकडे सेनापती हा किताब आणि तळेगाव एवढेच उरले. उमाबाईंची समाधी इथेच, बनेश्वर मंदिरापाशी आहे.