विश्लेषण : घरच्या टेबलावरचा रबरी पूल आणि टॅकोमाची दुर्घटना... कोण होते थिओडोर फॉन कारमान?

अभियांत्रिकीला गेलेल्या बहुतेकांनी तो कृष्णधवल चित्रपट पाहिलेला असतो. पोलादी पूल कापडी पट्टीसारखा पिळवटतो आणि समुद्रात कोसळतो. ७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पडलेला हा टॅकोमा नॅरोज झुलता पूल. पुलाला जेमतेम चार महिने झाले होते आणि वाऱ्याचा वेग होता ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे वादळ म्हणावे असेही काही नव्हते. मग पूल पडला कसा, हे पूल बांधणाऱ्यांना पटवून देण्यात विमानांचा अभ्यास करणाऱ्या एका शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता.

बुडापेस्टचा गणिती मुलगा

फॉन कारमान यांचा जन्म ११ मे १८८१ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. सहा वर्षांचे असताना ते सहाआकडी संख्यांचे गुणाकार तोंडी करत. वडील मोर हे नामवंत शिक्षणतज्ज्ञ. मुलगा तमाशाचा विषय होईल, या धास्तीने त्यांनी त्याचे गणितच काही काळ बंद केले! पुढे जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्याकडे काम करताना, १९११ मध्ये फॉन कारमान यांनी वाहत्या द्रवात ठेवलेल्या दंडगोलामागे एकाआड एक सुटणाऱ्या भोवऱ्यांचे गणित मांडले. आज त्या रांगेला त्यांचेच नाव आहे. आखेन येथील संस्था नावारूपाला आणून १९३० मध्ये ते आई आणि बहिणीसह कॅलिफोर्नियातील पॅसाडेनाला, कॅलटेकमध्ये गेले.

टेबलावर काय घडले?

दुर्घटनेनंतर राज्याच्या गव्हर्नरांनी पूल होता तसाच पुन्हा बांधण्याची भाषा केली. हे वाचून फॉन कारमान अस्वस्थ झाले. त्यांनी कॅलटेकच्या कार्यशाळेतून पुलाची छोटी रबरी प्रतिकृती करवून घेतली, घरी टेबलावर ठेवली आणि समोर विजेचा पंखा लावला. प्रतिकृती डोलू लागली. पंख्याचा वारा तर एकसारखा होता, झोत येत-जात नव्हते. त्यामुळे कितीही भक्कम वजन पेलणारा पूल सरळ, सततच्या वाऱ्यातही स्वतःहून हलू शकतो, हे त्यांना दिसले.

पूल अभियंत्यांची अडचण नेमकी इथे होती. तेव्हा वारा म्हणजे बाजूने ढकलणारे स्थिर बल, एवढाच हिशेब केला जाई. टॅकोमाचा मधला गाळा ८५३ मीटरचा, रुंदी मात्र १२ मीटरही नाही. कडेला जाळीदार ट्रसऐवजी २.४ मीटर उंचीचे भरीव गर्डर लावलेले. दिसायला देखणे, खर्चालाही कमी. पण वाऱ्यासाठी ती सरळ भिंतच.

प्रतिकृतीने आधीच सांगितले होते?

खरे तर होय. पूल सुरुवातीपासूनच डोलत असल्याने सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक एफ. बी. फार्क्वारसन यांनी संपूर्ण पुलाची १:२०० आणि एका भागाची १:२० प्रतिकृती करून चाचण्या चालवल्या होत्या. २ नोव्हेंबरला पहिला टप्पा संपला. गर्डरला भोके पाडा किंवा बाजूला वारा वळवणारी आवरणे लावा, असे त्यांनी सुचवले. दुसरा उपाय पसंत पडला, पण पाचव्या दिवशी पूलच गेला. चित्रपटात पिळवटणाऱ्या पुलाच्या मधल्या रेषेवरून चालणारा माणूस म्हणजे हेच प्राध्यापक. ती रेषा सर्वांत कमी हलत असते, हे त्यांना ठाऊक होते. गाडीत अडकलेला कुत्रा मात्र त्यांना वाचवता आला नाही, आणि त्या दिवशीचा तो एकमेव बळी ठरला.

चौकशीसाठी नेमलेल्या तिघांत पूल अभियंते ओथमार अम्मान आणि ग्लेन वुड्रफ यांच्याबरोबर फॉन कारमानही होते. अहवाल मार्च १९४१ मध्ये आला. नव्या पुलासाठी फार्क्वारसन यांनी १:५० प्रमाणात सुमारे ३० मीटर लांबीची प्रतिकृती उभारली. इथे सगळे ५० ने भागून चालत नाही. वजन सव्वा लाखाने भागावे लागते, तर वाऱ्याचा वेग फक्त ५० च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण सातने. त्यामुळे ताशी ६८ किलोमीटरचा वारा तिथे ताशी १० किलोमीटरहून कमी, अगदी झुळूक! १४ ऑक्टोबर १९५० रोजी खुल्या झालेल्या पुलाला १० मीटर उंचीचे जाळीदार ट्रस आहेत आणि मार्गिकांमध्ये वारा आरपार जाण्यासाठी पोलादी जाळ्या.

मग भोवऱ्यांनीच पूल पाडला का?

फॉन कारमान यांचा कल तिकडे होता आणि त्यांच्या नावामुळे ते स्पष्टीकरण रुजलेही. पण आकडे जुळत नाहीत. त्या वाऱ्यात भोवरे सेकंदाला साधारण एक या गतीने सुटायला हवेत. पूल मिनिटाला १२ ते १४ वेळा पिळवटत होता. पिळवटणारा पूल स्वतःच वाऱ्याची दिशा आणि दाब बदलत होता आणि त्यातून आणखी ऊर्जा घेत होता. विमानाच्या पंखांच्या बाबतीत याला फ्लटर म्हणतात. यूसुफ बिल्ला आणि रॉबर्ट स्कॅनलन यांनी १९९१ च्या शोधनिबंधात हे ठामपणे मांडले. तोवर फॉन कारमान यांना जाऊन २८ वर्षे झाली होती. ६ मे १९६३ रोजी आखेनमध्येच त्यांचे निधन झाले. अनेक पाठ्यपुस्तकांत मात्र टॅकोमा आजही अनुनादाचे उदाहरण म्हणूनच छापला जातो.