रेताड जमिनीचा जाणकार

बँकेत असताना तारण जमिनींची पाहणी मी पुष्कळ केली. समुद्रकाठची रेताड, नापीक जमीन आली की मूल्यांकन करताना हात आपोआप आखडायचा. म्हणूनच स्कॉटलंडच्या टॉम मॉरिसचे मला फार अप्रूप वाटते. जिथे नांगर चालत नाही, त्या जमिनीचे मोल या माणसाला कळले होते.

सुटीत समुद्रकाठी गोल्फ खेळायला निघालेली मंडळी मैदानांची यादी करू लागली, की सेंट अँड्रूज, प्रेस्टविक, डॉरनॉक, आयर्लंडातली काउंटी डाऊन आणि लाहिंच ही नावे हटकून येतात. या सगळ्या मैदानांना टॉमचा हात लागलेला आहे.

टॉम १८२१ साली सेंट अँड्रूजला एका विणकराच्या घरी जन्मला. पिसे ठासून भरलेले चामडी चेंडू करणाऱ्या ॲलन रॉबर्टसनकडे तो उमेदवारी करू लागला. पुढे गटापर्चाचे स्वस्त चेंडू आले, त्यावरून गुरुशिष्यांचे बिनसले आणि १८५१ साली टॉम प्रेस्टविकला गेला. तिथे त्याने बारा होलचे मैदान आखले. १८६० ची पहिली ओपन स्पर्धा त्याच मैदानावर झाली. टॉमने ही स्पर्धा १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ साली जिंकली. शेवटच्या वेळी तो ४६ वर्षांचा होता. इतक्या वयाचा विजेता त्यानंतर झालेला नाही.

त्याची आखणी साधी. वाळूच्या टेकड्या सपाट करायच्या नाहीत, खळगे बुजवायचे नाहीत. दिवस-दोन दिवस पायी हिंडून जमीन जे देते ते घ्यायचे. १८८९ साली काउंटी डाऊनच्या क्लबने त्याच्यासाठी चार पौंडांपेक्षा जास्त खर्च करू नये असे ठरवले होते. आज तिथे एका फेरीला शेकडो पौंड मोजावे लागतात. व्याजाचे गणित करण्यात जन्म घालवलेल्या मला हा हिशेब थक्क करतो.

टॉमचा मुलगा टॉमी बापाहून सवाई निघाला. चार वेळा ओपन जिंकला. सप्टेंबर १८७५ मध्ये बापलेक नॉर्थ बेरिकला सामना खेळत असताना टॉमीच्या बायकोची प्रसूती अडल्याची तार आली. दोघे बोटीने घरी पोचले, पण बाळ-बाळंतीण वाचली नव्हती. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी टॉमीही गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. पुढच्या वर्षी टॉमची पत्नी वारली. उरलेली मुलेही एकेक करून त्याच्या डोळ्यांदेखत गेली.

टॉम मात्र रोज मैदानावर जात राहिला. सेंट अँड्रूजच्या हिरवळीवर वाळू पसरायची, गवत जपायचे आणि रविवारी मैदानाला विश्रांती द्यायची, हा त्याचा नेम होता. तिथले जुने मैदान एरवी आजही रविवारी खेळाला बंद असते. जाणाऱ्यांनी बेत आखताना हे ध्यानात ठेवावे. १९०८ साली तो वारला आणि टॉमीच्या शेजारीच विसावला.

यादी करणाऱ्याने प्रत्येक नावापुढे आखणीचे साल लिहून पाहावे. डॉरनॉक १८८६, काउंटी डाऊन १८८९, लाहिंच १८९४. ही सगळी मैदाने टॉमी गेल्यानंतरची आहेत.